तीन हिसके

कैलासनं पहिला वार शिशाच्या पट्ट्यानं केला. पाण्याखाली शरीर तरंगू नये म्हणून कमरेला बांधतात तो पट्टा, शिशाच्या वड्या ओवलेला, चांगला आठ किलोचा. तो धीरजच्या तोंडावर बसला तेव्हा नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि धीरज मनोहररावांच्या विहिरीच्या काठावरून मागं, वांग्याच्या वाफ्यात, पाठीवर पडला. पाठीवरचा सिलिंडर दगडावर आदळून ठणकला. तो कोपरावर उठायला लागला तर कैलासनं दुसरा वार बरगड्यांवर केला. मग बाकीचे धावले.

अपेक्षा तिथून दहा पावलांवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तिच्या वडिलांचं डोकं होतं. रूपरावांच्या तोंडातून गुलाबी फेस येत होता, साबणाच्या फेसासारखा बारीक. ती ओढणीनं पुसायची आणि तो पुन्हा यायचा. डोळे उघडे होते. ती सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती, डॉक्टर नव्हती, पण गळ्यापाशी बोटं ठेवून नाडी बघायला तिला येत होतं. तिनं तीनदा बघितली होती.

"पाय धरून लटकला होता हा," तानबा सगळ्यांना सांगत होता. तानबा साठीचा, दोर ओढणाऱ्या सहा जणांत सर्वांत पुढचा. "रूपराव वर येऊन राह्यले अन् हा खालून पाय ओढून राह्यला. पोटात बुक्क्या मारत होता. मी पाह्यलं."

तानबा खोटं बोलत नव्हता. ते सगळ्यांनीच पाहिलं होतं.

रूपराव आंजी गावचे. दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे आणि मंगळवारच्या बाजारात विकायचे. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते पाणबुड्या म्हणून. कोणाच्या विहिरीत मोटार पडली, गाय पडली, माणूस पडला, की फटफटी त्यांच्या दारात यायची. चाळीस वर्षांत त्यांनी एकतीस माणसं विहिरीतून काढली होती, त्यातली चार जिवंत. त्या चौघांपैकी दोघं दर दिवाळीला फराळ घेऊन येत. उरलेल्या सत्तावीस जणांचे चेहरे कसे असायचे, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी ते जेवत नसत.

त्यांची रीत ठरलेली होती. कमरेला दोर बांधायचा, छाती भरून दम घ्यायचा आणि दगड हातात धरून खाली जायचं. दोराला एक हिसका म्हणजे ढील द्या. दोन म्हणजे मी ठीक आहे. तीन म्हणजे पळा. मोट बंद होऊन पन्नास वर्षं झाली तरी इकडच्या जुन्या विहिरींना अजून धाव आहे, बैल मोट ओढत उतरायचे तो उतार. वरच्या लाकडी चाकावरून दोर घेऊन सहा जण त्या धावेवर तयार उभे राहायचे आणि तीन हिसके बसले की दोर खांद्यावर घेऊन बैलांसारखे पळत सुटायचे. खालच्या माणसाचा दम संपलेला असतो, एकेका क्षणाला किंमत असते. धाव संपेपर्यंत माणूस काठावर येऊन पडलेला असायचा.

काठावर वाकून दोराकडं बघत राहायचं काम अपेक्षाचं. नऊ वर्षांची असल्यापासून तिचंच. तिचा आवाज लांब जायचा. तिसरा हिसका बसला की तिनं "पया रे!" अशी हाक मारायची आणि सहा जणांनी पळायचं. आता ती अडतीसची झाली होती, तरी बाबांचं काम निघालं की रजा टाकून यायची. तिचा भाऊ कैलास तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. तो दोरावर तानबाच्या मागं असायचा.

या जानेवारीत मनोहररावांची साडेसात हॉर्सची मोटार साखळी तुटून विहिरीत गेली. विहिरीत पन्नास फूट पाणी. रूपराव दोनदा उतरले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून वर आले. बासष्टाव्या वर्षी त्यांचा दम चाळीस मोजेपर्यंत पुरत नव्हता. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा काठावर बसून बराच वेळ पायाचे अंगठे बघत राहिले. त्या रात्री त्यांनी मोबाइलवर कुठून तरी नागपूरच्या एका पोराचा नंबर काढला. तो सिलिंडर लावून पाण्याखाली जायला शिकवायचा.

तो धीरज. तिशीतला, कोकणात समुद्रावर शिकून आलेला. सहा दिवस तो त्यांच्याच घरी राहिला. अपेक्षाची आई मनकर्णाबाई त्याला आग्रह करून वाढायच्या आणि कैलासची लहान मुलगी खुशी त्याला काका म्हणायला लागली. शिकवणी मनोहररावांच्या शेततळ्यात चाले, प्लास्टिक अंथरलेल्या, बारा फूट पाण्याच्या. रूपराव प्रश्न फार विचारायचे. लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून अपेक्षा बांधावर वही घेऊन बसायची आणि प्रश्नांना नंबर घालून उत्तरं उतरवायची.

पहिला प्रश्न होता, सिलिंडरात ऑक्सिजन असतो का. धीरज म्हणाला, नाही काका, ही आपली साधीच हवा, फक्त दोनशे पट दाबून भरलेली. कैलास बाजूला उभा होता. तो म्हणाला, मग पंक्चरवाल्याकडून भरून आणू, दहा रुपयात काम होते. धीरज हसला नाही. त्या मशीनची हवा तेलकट असते, ती छातीत गेली तर माणूस खालीच राहील, असं त्यानं सांगितलं आणि अपेक्षानं ते लिहून घेतलं.

दुसरा, एक सिलिंडर किती वेळ पुरतो. जितकं खोल जाल तितका लवकर संपतो, कारण खाली पाण्याचा भार जास्त आणि त्या भाराला पुरेशी हवा प्रत्येक श्वासाला लागते. तिसरा, कान का दुखतात. नाक चिमटीत धरून आतून फुंकायचं, दुखायच्या आधीच. यावर रूपरावांनी उजवा कान धीरजपुढं केला. त्याचा पडदा विसाव्या वर्षीच फाटला होता. कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणाले.

चौथा प्रश्न त्यांनी सहज विचारला. सिलिंडर असताना दम रोकला तर काय होते?

धीरजनं उत्तर तोंडानं दिलं नाही. त्यानं खुशीकडून वाढदिवसाचा उरलेला एक फुगा मागून घेतला, शेततळ्याच्या तळाशी बसून सिलिंडरच्या हवेनं गच्च फुगवला, गाठ मारली आणि सोडून दिला. फुगा वर येता येताच फुटला. खुशी टाळ्या वाजवायला लागली.

मग त्यानं सांगितलं. पन्नास फुटांवर छातीत घेतलेली हवा वर येईपर्यंत अडीच पट होते. फुप्फुस अडीच पट होत नाही. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही, वर येताना सोडत यायचं, आणि आपल्याच बुडबुड्यांच्या मागं राहून हळू यायचं. दोरानं तर कोणी ओढायचंच नाही. अपेक्षानं शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

रूपरावांनी फुटलेल्या फुग्याचा तुकडा पाण्यातून उचलला. "जिंदगीभर दम रोकून पोट भरलं," ते म्हणाले, "अन् हा पोट्टा म्हणते दम रोकला का मेला."

घरी येताना अपेक्षानं विचारलं, तानबाकाकांना आणि बाकीच्यांना हे मी वाचून दाखवू का. ते म्हणाले, तू राहू दे माय, बायकांचं ऐकत नाहीत ते लोक. मी सांगतो.

सातव्या दिवशी सकाळी सगळे विहिरीवर जमले. थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. धीरजनं दोर मोटारीसाठी आणवला होता. रूपरावांनी तो सवयीनं स्वतःच्या कमरेला बांधला. धीरज नको म्हणाला. दोराशिवाय विहिरीत मी कधी उतरलो नाही, म्हणाले. खाली गेलो की सोडून मोटारीला बांधतो. धीरजनं धावेवर उभ्या असलेल्या सहा जणांकडं बघितलं. तानबा तंबाखू मळत होता. यांना कोणी तरी सांगितलं असेल असं त्याला वाटलं असावं. त्यानं विचारलं नाही. ती त्याची चूक, आणि सहा दिवसांच्या शिकवणीवर रूपरावांना पन्नास फूट खाली नेलं ही दुसरी.

दोघं शिडीनं उतरले. पाण्यावर दोन ठिकाणी बुडबुडे उकळत राहिले. चार-पाच मिनिटांनी दोर दोनदा हलला. ठीक आहे. अपेक्षानं हात वर करून खूण केली.

मग दोर हिसकला. एक. दोन. तीन.

"पया रे!"

हाक तिच्या तोंडातून गेली तेव्हा ती ऐकत होती, दुसऱ्या कोणाची असावी तशी. वही तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. मागं फिरून बघते तर सहा जण खाली माना घालून धावेवरून पळत सुटले होते आणि चाक कुरकुरत गरगर फिरत होतं. तिनं "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात खाली पाणी फुटलं.

रूपराव कमरेपर्यंत पाण्याच्या वर उसळले. काचेचा मुखवटा निसटून गळ्यात आला होता, गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या पायांना धीरज लटकला होता, एका हातानं गुडघे कवटाळून, दुसऱ्या हाताच्या मुठीनं त्यांच्या पोटावर मारत. हे सगळं पाण्याच्या वर एक क्षणभर दिसलं. मग दोर त्यांना त्याच्या हातातून उपटून घेऊन गेला. काठाच्या दगडांवर त्यांची पाठ सोलवटली. ते काठावर उभेसुद्धा राहिले. अपेक्षाकडं बघून काही तरी सांगायला लागले आणि गुडघ्यांतून मोडून खाली बसले. तोंडातून फेस आला.

धीरज मागून शिडीनं धापा टाकत आला. त्याच्या कानांतून रक्त येत होतं. "आडवं करा," तो म्हणाला. "ऑक्सिजन लागेल, गाडी काढा, सेवाग्रामला..." तेव्हा कैलासनं बाबांच्या कमरेवरून काढलेला पट्टा उचलला होता.

आता ते त्याला मारत होते. एकानं सिलिंडरचे पट्टे कापले, दुसऱ्यानं केस धरून त्याला वाफ्यातून ओढून काढलं. बुटांचे आवाज मऊ येत होते. तानबानं दोराच्या टोकानं पाठीवर फटके ओढले. धीरज आधी हात पुढं करत होता, मग नुसतं डोकं झाकून घेतलं, आणि कैलासनं टाच मारून तो डोक्यावरचा हात मोडला. हाडाचा आवाज अपेक्षाला स्पष्ट ऐकू आला. मनोहरराव दुरून म्हणत होते, पोलीस येऊ द्या, अरे पोलीस येऊ द्या. त्यांना कोणी तरी ढकलून दिलं तेव्हा ते गप्प झाले.

"काऊन धरले बे पाय?" कैलास विचारत होता. तेच तेच. "बोल. काऊन धरले?"

"हळू आणायचं होतं," धीरजच्या तोंडातून दातांबरोबर आलं. "हळू..."

काऊन धरले हे तिथं दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकाचं तोंड फुटलं होतं. दुसरी मांडीवर बापाचं डोकं घेऊन बसली होती.

ती लगेच उठली नाही. पुढं कित्येक महिने तिनं त्या वेळेचा हिशेब लावून बघितला, पाच मिनिटं असतील, कदाचित सात. बोललं तर कैलासनं बाप मारला असं होणार होतं. तानबानं मारला असं होणार होतं. हाक कोणाची होती तेही निघणार होतं. आणि हे एवढंच नव्हतं. प्रत्येक वार त्या पोरावर बसत होता तसं तिला बरं वाटत होतं. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, माणसं अशी का वागतात हे तिला समजतं अशी तिची समजूत होती. आता तिच्या दाढा घट्ट मिटल्या होत्या आणि ती मनात म्हणत होती, अजून एक.

धीरजचा डावा डोळा गेला तो याच वेळात.

मग कैलास म्हणाला, पट्टा बांधा याच्या कमरेला. दोघांनी धीरजला धरलं, तिसऱ्यानं शिशाचा पट्टा आवळला. त्याची मान एका बाजूला लोंबत होती. त्याचे पाय विहिरीकडं ओढले जाऊ लागले. पाण्यात जाऊन राहा म्हणे, साधीच हवा तं असते, दोनशे पट दाबलेली. हे कैलास बोलला आणि दोघं हसले.

अपेक्षानं ओढणीची घडी करून बाबांच्या डोक्याखाली ठेवली. पिशवीतून वही काढली. विहिरीच्या काठावर जाऊन ती धीरज आणि पाणी यांच्या मधे उभी राहिली.

"कैलास, सोड त्याले. त्यानं नाई मारलं. आपण मारलं."

"सरक ताई."

"दोरानं मारलं बाबाले. माह्या हाकेनं."

कैलासनं तिला बाजूला करायला हात उचलला, त्या हातात दोराचा पीळ होता. तो तिच्या मनगटावर आणि कानशिलावर बसला. ती गुडघ्यावर पडली. वही वाफ्यातल्या चिखलात पडली होती, ती तिनं डाव्या हातानं उचलली. उजवा हात उचलत नव्हता. चौथ्या प्रश्नाचं पान काढून ती मोठ्यानं वाचू लागली. ग्रंथालयात कोणाला पुस्तकाचं नाव वाचून दाखवावं तशा आवाजात, न थांबता. फुग्याचं वाचलं, अडीच पट हवेचं वाचलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. "दोरानं कोणी ओढायचं नाही. दोरानं कोणी ओढायचं नाही."

"वर येताना थांबवाले धरले त्यानं पाय," ती म्हणाली. "दम सोडावा म्हणून पोटात मारत होता. मुखवटा सुटला असन म्हणून बाबानं हिसके देल्ले अन् दम रोकून धरला. चाळीस वर्साची सवय."

धीरजला धरणाऱ्या दोघांचे हात सैल झाले आणि तो काठाशीच घसरून पडला. तानबा आपल्या तळव्यांकडं बघत होता. दोरानं त्यांची साल गेली होती.

"मले तं कोणी सांगतलंच नाई," तानबा म्हणाला. "सांगतलं असतं तं मी कायले ओढतो?" त्यानं अपेक्षाकडं बघितलं. "रूपरावनं कोणालेच नाई सांगतलं?"

कैलास उभा होता. त्याच्या शर्टावर पोटापर्यंत रक्त होतं.

"मले सांगतलं होतं," तो म्हणाला.

तो खाली बसला. दोर अजून हातात होता.

"सकायीच. चहा पेता पेता. म्हणे, तानबाले सांग, बाकीच्याईले सांग, आज ओढाचं नाई. मी हो म्हणलं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू, ताई? दोर धरून उभे राहा पण ओढू नोका? हासले असते लोक." त्यानं हातातल्या दोराकडं बघितलं. "अन् मले वाटलं, मी तं हावोच दोरावर. मी नाई पयलो म्हणजे झालं. मंग तुही हाक आली अन् पाय पयाले लागले. माह्याच्यानं थांबलेच नाई."

तिचीही हाक थांबली नव्हती.

मनोहररावांच्या पिकअपमध्ये दोघांना शेजारी शेजारी झोपवून सेवाग्रामला नेलं. धीरजचं डोकं अपेक्षाच्या मांडीवर होतं, आणि वाटेत एकदा शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, काका कसे आहेत. ती म्हणाली, शेजारीच आहेत. तो जगला. जबड्याला तारा बसल्या, हात वाकडा राहिला, डोळा गेला. दवाखान्यात पोलिसांनी तिचा जबाब घेतला तेव्हा हवालदारानं दोर ओढणाऱ्यांची आणि मारणाऱ्यांची नावं वेगळी वेगळी विचारली. तिनं दोन्हींत सहा नावं सांगितली, तीच सहा. भावाचं नाव सांगताना तिचा आवाज बदलला नाही. मग सातवं माझं लिहा, म्हणाली. हवालदार म्हणाला, तुम्ही दोराला हात लावला नाही ना, मग कसं लिहू? त्यानं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अग्नी द्यायला कैलासला, आणि त्याच्याबरोबर बाकीच्या पाच जणांना, पोलीस बेड्या घालून घेऊन आले. त्यानं सरणाजवळ येऊन बाबांचा चेहरा बघितला आणि दोन्ही तळवे तिच्यापुढं उघडले. साल निघून आतलं लाल मांस दिसत होतं. या हातानं नाही, म्हणाला. भाऊबंदांत कुजबूज झाली. मनकर्णाबाईंनी पाण्याचं मडकं उचलून मुलीच्या डाव्या खांद्यावर ठेवलं, कारण उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

अपेक्षानं अग्नी दिला. मडक्याला एकेक भोक पाडलं जात होतं, त्यातून पाण्याची धार लागली होती, आणि तिनं सरणाभोवती तीन फेऱ्या घातल्या. तिसरी संपल्यावर मडकं मागं टाकलं. ते फुटलं. आता तोंडावर उलटा हात मारून बोंब मारायची असते. तिनं हात तोंडाशी नेला.

सगळे थांबले होते. लाकडं तडतडायला लागली होती. तिचा हात तोंडापाशीच होता आणि आतून काही येत नव्हतं. लांब जाणारा आवाज होता तिचा. बाबाच म्हणायचे.

बराच वेळ गेल्यावर मागं बेडीतल्या माणसांच्या रांगेतून तानबानं तिच्या जागी बोंब मारली.